पेटीची राखण

‘मॅडम, प्लीज वेट आउटसाइड.’

मारिविक हे मला म्हणाली. मला! मी आधी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कुणी मॅडम उभी आहे का म्हणून. कुणी नव्हतं. अठरा वर्षं टेबलाला टेबल लावून बसलेली ही बाई. माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी माझ्याआधी उघडून खाणारी, ‘आते, आते’ करत मागे लागणारी. आते म्हणजे त्यांच्या फिलिपिनो लोकांत ताई. आणि आज मला मॅडम म्हणाली, तेही क्लिनिकच्या काउंटरवर हुज्जत घालणाऱ्या पेशंटशी बोलताना लावते त्या आवाजात. हॉलमधली दोनचार डोकी माझ्याकडे वळली. मी पर्स उचलली, दाराला अडकलेली ओढणी ओढून घेतली आणि बाहेर आले. एम्बसीच्या भिंतीशी ऊन नुसतं भाजत होतं. गाडीत बसले, दार धाडकन लावलं, एसी फुल केला. रागानं म्हणा, लाजेनं म्हणा. मला त्या दोन्हींतला फरक पटकन कळत नाही. राजन, म्हणजे माझा नवरा, नेहमी म्हणतो, मुग्धा, तुला आधी राग येतो आणि मग तू कारण शोधायला निघतेस. त्याचं काय जातंय बोलायला.

झालं होतं एवढंच, की मी तिच्या कानाशी वाकून ‘दूसरा दबा दे’ म्हटलं. हिंदीत म्हटलं, मारिविकला ते इथं राहून येतं, पेर्पेतुआ लोलाला कळू नये म्हणून. लोला म्हणजे आजी. ही आजी आखातातल्या ह्या आमच्या खलिफा सिटीतलीच. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक विला आहे, तिथल्या अरबी कुटुंबाची तीन मुलं हिनं वाढवली आणि आता ती मुलं हिला सांभाळतात. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. एकावर अजून पट्टी, दुसऱ्यानं नुसता उजेड कळतो. त्यांच्या देशात, फिलिपिन्समध्ये, निवडणूक आहे. इथल्या लोकांनी मत फोनवरून द्यायचं, आणि ज्यांना फोन जमत नाही त्यांनी एम्बसीत येऊन तिथल्या स्क्रीनवर. ज्यांना दिसतच नाही त्यांच्या शेजारी चर्चच्या स्वयंसेवक बायका बसतात. यादी वाचून दाखवायची, आणि ते माणूस सांगेल ते नाव दाबायचं. मारिविक त्या बायकांतली. तिनंच मला म्हटलं होतं, आते, शनिवारी तुझ्या मागच्या लोलाला आणशील का गाडीतून? मी हौसेनं आणली. आजीनं एकेक नाव सांगितलं, मारिविकनं एकेक दाबलं. आणि मग आजी एक नाव बोलली आणि मारिविकचं बोट हवेतच थांबलं. त्यांची भाषा मला येत नाही, पण ते नाव मला येतं. ह्या माणसानं भर सभेत हसत हसत सांगितलं होतं, की आमच्या गल्ल्यांतला कचरा आम्ही उचलला. त्या कचऱ्यात मारिविकचा मुलगा होता. जोमार.

आता मला सांगा, मी काय असं आभाळ पाडलं? आजीला दिसत नाही. मागे उभी मी, पुढे ती. एक नाव सोडून खालचं दाबलं असतं तर ह्या जगात कुणाला कळणार होतं? तिचा देव सोडून कुणालाच नाही, आणि देवालाही जोमार गेला त्या दिवशी त्या गल्लीत काही दिसलं नव्हतंच की. तो माणूस निवडून येणार आहे म्हणतात, एका मतानं काय उलथापालथ होणार नव्हती. पण तिचं बोट! त्याच बोटानं ती जोमारच्या कपाळावर क्रॉस काढायची, व्हिडिओ कॉलवर, फोनच्या काचेवर. त्या बोटानं ह्या माणसाचं नाव दाबायचं? मी आई आहे, मला पोरगी आहे, माझ्याच्यानं ते बघवलं नाही. मी बोलून गेले. आणि बोलून गेले ते चुकलं असं मला गाडीत बसूनही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की आत तिनं दाबलं का नाही. काचेच्या दारातून काही दिसत नव्हतं. दारात त्यांचा सिक्युरिटीवाला उभा होता आणि माझ्या गाडीकडे बघत होता.

ह्या चर्चच्या बायकांच्या चळवळीला एक लांबलचक नाव आहे. मला ते कधी धड म्हणता आलं नाही. मी आपली ‘तुमची ती मतांची राखण’ म्हणते, आणि मारिविकला त्याचं हसू येतं. नव्यानंच ओळख झाली होती तेव्हा एकदा लंच ब्रेकमध्ये तिनं मला ते सगळं सांगितलं होतं. मी विचारलं होतं, अगं, रविवारी चर्च ठीक आहे, पण चर्चला निवडणुकीशी काय देणंघेणं? आमच्याकडे तर देवळात कुणी राजकारण काढलं की मारामाऱ्या होतात. तर म्हणाली, आमच्याकडे मारामाऱ्या होत्याच, म्हणून तर चर्च आलं. तिच्या लहानपणी त्यांच्याकडे हुकूमशाही होती. निवडणूक म्हणजे निव्वळ नाटक. मतांच्या पेट्या शाळेतून निघायच्या एक आणि मोजणीला पोहोचायच्या भलत्याच. मग एका वर्षी पाद्र्यांनी प्रार्थनेनंतर सांगितलं, मत विकणं पाप आहे तसं मत चोरू देणं हेही पाप आहे. झालं. रविवारी डोक्यावर रुमाल घेऊन येणाऱ्या बायका, शाळेच्या बाई, दोन नन्स, कपडे शिवणारी एक, मासळी विकणाऱ्या, ह्या सगळ्या पेट्यांच्या मागे चालायला लागल्या. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. हातात टॉर्च आणि जपमाळ. मारिविकची आई त्यांची पुढारी, कारण तिचा आवाज मोठा.

त्यांच्या गावच्या शाळेत एक पेटी राहिली होती. न्यायला गाडी आली नाही. बायकांना कळलं की ही गाडी मुद्दामच येत नाहीय. मग त्या पेटीभोवती जमिनीवर गोल बसल्या, एकमेकींच्या हातात हात घालून, आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागल्या. बंदुका घेतलेली माणसं आली, उठा म्हणाली. ह्या उठल्या नाहीत. एकानं बंदुकीच्या दस्त्यानं मारिविकच्या आईच्या मनगटावर मारलं. हाड मोडलं, पण शेजारणीनं तो हात सोडला नाही, त्यामुळे गोल तुटला नाही. मारिविक तेव्हा शाळकरी पोर, भिंतीला चिकटून बसली होती. म्हणाली, आते, आईच्या तोंडातून ‘आई गं’ निघालं ते पण प्रार्थनेच्या चालीत निघालं. पेटी वाचली. आणि मोजणीला उघडली तर काय, त्या पेटीत जास्त मतं त्या बंदूकवाल्यांच्याच माणसाला पडलेली! खरीखुरी पडलेली. लोकांनी त्यालाच दिली होती, भीतीनं म्हणा नाहीतर प्रेमानं म्हणा. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अगं मग तुझ्या आईचा हात फुकटच मोडला की! मारिविक खिचडीतले शेंगदाणे वेचत होती. म्हणाली, मीही आईला तेच म्हटलं होतं. तर आई म्हणाली, पेटीत काय आहे ते आपलं नाही. पेटी आपली.

तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं. घरी येऊन मी राजनला सांगितलं, ईशानीला सांगितलं. ईशानी तेव्हा चौथीत होती, म्हणाली, ‘बट मम्मा, दॅट्स सो डंब.’ मी तिच्यावर ओरडले होते. आता गाडीत बसून मला पहिल्यांदाच वाटत होतं की पोरगी बरोबर बोलली होती.

पुढे हुकूमशहा गेला, पण ह्या बाया घरी गेल्या नाहीत. प्रत्येक चर्चची एक तुकडी झाली. निवडणूक जाहीर झाली की पहिल्या रविवारी वेदीसमोर उभं राहून शपथ घ्यायची: मी कुणाची नाही. त्या दिवसापासून निकालापर्यंत कुठल्याही उमेदवाराचं नाव मतदानाच्या जागेबाहेर तोंडातून काढायचं नाही. घरीसुद्धा नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. मारिविकचा बाप म्हणे जेवताना मुद्दाम एकेक नाव घेऊन तिच्या आईला चिडवायचा आणि ती त्याच्या ताटात आणखी भात वाढायची. एकदा छोटा जोमार कुठल्याशा पक्षाची फुकट मिळालेली टोपी घालून आला तर आजीनं त्याला अंगणातच उभा केला, आधी ती टोपी काढ, मग घरात ये. मोजणीची एक प्रत ह्यांना मिळायची, ती बसून पुन्हा मोजायची, सरकारी आकड्याशी ताडून बघायची. नंतर मशिनं आली, लांबच लांब छापील पट्ट्या यायला लागल्या, कॉलेजची मुलं चर्चच्या हॉलमध्ये बसून त्या कॉम्प्युटरवर चढवायची. मग परदेशातल्या लोकांना मत मिळालं, आणि इथल्या चर्चमध्येही तुकडी उभी राहिली. नर्सेस, ड्रायव्हर, हॉटेलात चादरी बदलणाऱ्या पोरी. आठवड्याची एकुलती एक सुट्टी एम्बसीच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून घालवायची. का तर मतांच्या लिफाफ्यांची पेटी नजरेआड होऊ नये. मी एकदा तिला डबा पोहोचवायला गेले होते. सील केलेल्या पेटीसमोर ही बाई खुर्ची टाकून बसलेली, पाय सुजलेले, आणि शेजारची मुलगी बसल्या बसल्या झोपलेली. मारिविकनं डबा घेतला, पण पेटीवरची नजर हलवली नाही. मला म्हणाली, तू भरव. मी तिला भरवलं, काय करणार!

मी स्वतः शेवटचं मत कधी दिलं ते मला आठवत नाही. पुण्याहून निघाले तेव्हा नाव यादीत होतं, आता आहे का देव जाणे. इथून मत द्यायचं तर तिकीट काढून तिकडं जावं लागतं, आणि सुट्टी मिळते ती नेमकी भलत्याच महिन्यात. फॅमिली ग्रुपवर भाऊ भांडतात, मी अंगठा दाखवते. म्हणून मला ह्या बायकांचं कौतुक होतं. पण जोमार गेल्यावर ते कौतुक माझ्या घशाखाली उतरेना.

जोमारला मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. पण रोज पाहिलं. लंच ब्रेकला आम्ही फोन डब्याला टेकवून उभा करायचो आणि तो तिकडून बोलायचा. शाळेच्या गणवेशात, मग मिशी फुटलेला, मग कॉलेज सोडून मोबाइल रिपेअरिंग शिकणारा. मी त्याला ‘जेवलास का?’ म्हणायला शिकवलं होतं, आणि ‘मावशी’. तो फोन लागल्या लागल्या ओरडायचा, ‘जेवलीस का, मावशी?’ आणि मी म्हणायचे, आत्ता जेवत्येय रे, तू? ‘जेवलो, मावशी!’ न जेवता म्हणायचा, लबाड. माझ्या पोटची पोर मला मराठीत ‘हो’ म्हणत नाही आणि हा समुद्रापलीकडचा मुलगा मला मावशी म्हणायचा. त्याला इकडं आणायचं आमचं ठरत होतं. मारिविक म्हणायची, आला की पहिल्यांदा तुझ्या घरी जेवायला. मी म्हणायचे, पुरणपोळ्या करते. करायच्या राहून गेल्या.

फोन आला तोही जेवतानाच आला. मला वाटलं तोच. मारिविकनं उचलला, ऐकलं, ‘ओपो, ओपो’ म्हणाली, म्हणजे हो, हो. मोठ्या माणसांना म्हणतात तसं. मग फोन खाली ठेवून तिनं माझ्या डब्याचं झाकण लावलं. माझं जेवण झालं नव्हतं. तिनं झाकण लावलं, चारही कोपरे दाबले, आणि म्हणाली, आते, माझ्या मुलाला मारलं. तो कोपऱ्यावरच्या दुकानात तांदूळ आणायला गेला होता, पायात घरातल्या सपाता. मोटरसायकलवरून दोघं आले. म्हणे नशा विकायचा. जोमार! ज्याला साधी खोकल्याची बाटली घेतली की झोप यायची. पुढे कुणी चौकशी केली नाही, कुणी पकडलं गेलं नाही. आणि तो माणूस मंचावरून कचरा म्हणाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो व्हिडिओ मारिविकनं मला दाखवला नाही. मी आपणहून शोधून पाहिला. पाहिला आणि बाथरूममध्ये जाऊन इतकी रडले, की राजननं दार वाजवलं.

ती तिकडं जाऊन त्याला पुरून आली. आणि पुढची निवडणूक आली तेव्हा परत वेदीसमोर उभी राहिली. मी कुणाची नाही! मी त्या दिवशी तिच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, तू कुणाची नाहीस कशी? तू जोमारची आहेस! जा, रस्त्यावर बोंब मार, लोकांना सांग ह्याला मत देऊ नका, ते तरी कर. ती म्हणाली, दुसऱ्या आया करतायत. त्यांनी करावं. मी पेटीपाशी बसते. पेटीपाशी कुणीतरी असं बसायला पाहिजे ना, आते, ज्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. त्याच्या लोकांचासुद्धा. मला हे कळत नाही. खरंच कळत नाही. इतक्या वर्षांत तिनं मला तिचं स्वतःचं मत सांगितलेलं नाही. आता काय सांगायचं राहिलंय त्यात, तरीही नाही.

आणि आता तर पेटीही राहिली नाही. फोनवर दाबलं की झालं खलास. तिच्या तुकडीतल्या बायका म्हणतात, आता आपण राखायचं काय? निम्म्या सोडून गेल्या. मारिविक उरली, आणि तिच्या वाट्याला हे आलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या मताला हात न लावणाऱ्या बाईच्या हातातच एका म्हातारीचं मत दिलं आणि म्हटलं, दाब. तिथं दुसरी कुणी बघायला नाही, प्रत नाही, गोल करून बसलेल्या बायका नाहीत. एक स्क्रीन आणि एक बोट. माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणत होती, मारि, दाबू नकोस, तुझ्या लेकराची शपथ आहे, दाबू नकोस. आणि दुसरी म्हणत होती, ही जर आज खोटं दाबून बाहेर आली तर मी हिच्याकडे बघू कशी? हा काय चावटपणा आहे मनाचा? मीच सांगायचं आणि मीच घाबरायचं. स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं तर हॉर्न वाजला आणि सिक्युरिटीवाला पुढे आला. मी काच खाली करून सॉरी भाई, सॉरी म्हटलं.

मग दार उघडलं. मारिविकनं लोलाचा हात आपल्या खांद्यावर घेतला होता. ती हळूहळू येत होती, पायरी आली की थांबून सांगत होती. तिची ड्यूटी संपली होती, स्वयंसेवकांचं जॅकेट घडी करून काखेत. तिनं लोलाला मागे बसवलं, पट्टा लावला, आणि स्वतः पुढे माझ्या शेजारी बसली. नेहमीसारखी. माझ्याकडे बघितलं नाही.

‘खलास?’ मी लोलाला विचारलं. आम्ही दोघी एकमेकींशी मोडक्या अरबीत आणि मोडक्या इंग्रजीत बोलतो.

‘खलास, हबीबती! कुल्लू तमाम,’ लोला म्हणाली, म्हणजे झालं गं बाई, सगळं छान झालं. पट्टीखाली तिचा सुरकुतलेला चेहरा लग्नाला जाऊन आल्यासारखा फुलला होता. ‘शी इज गुड गर्ल. व्हेरी पेशंट.’

‘यल्ला, चला मग,’ म्हणून मी गाडी काढली. पूल ओलांडेपर्यंत लोला मागून बोलत होती. मारिविकशी त्यांच्या भाषेत, मधूनच मला सामील करून घ्यायला इंग्रजीत. नातीबद्दल सांगत होती. नात कॉल सेंटरमध्ये आहे, रात्रपाळी करते. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी पोरं दारू पिऊन बसायची, अंगचटीला यायची, आता कुणी नसतं. नात एकटी चालत घरी येते. ‘नाऊ सेफ,’ लोला म्हणाली. ‘व्हेरी सेफ.’ मी आरशात बघितलं. दुष्ट बाई नाही हो ती. दुसऱ्यांची तीन पोरं अंगाखांद्यावर वाढवलेली बाई, माझ्या ईशानीला ईदला खजुराचे लाडू पाठवणारी. मला तिचा राग यावा म्हणून मी प्रयत्न करत होते आणि तो येत नव्हता. मारिविक मान हलवून ‘ओपो’ म्हणत होती. ओपो, लोला. ओपो.

विलापाशी मुनिबा बाहेरच उभी होती. लोलानं वाढवलेल्या मुलांतली धाकटी, आता स्वतः डॉक्टर. तिनं लोलाला हाताला धरून उतरवलं, अबायाच्या बाहीनं तिच्या गळ्यावरचा घाम पुसला. आत जाताना लोलानं अंधारात चाचपावं तसा हात पुढे केला. मारिविक झटकन खाली उतरली आणि तिनं तो हात घेऊन आपल्या कपाळाला लावला. ते त्यांच्यात मोठ्यांच्या पाया पडण्यासारखं असतं. लोला काहीतरी पुटपुटली. मग दार बंद झालं.

आम्ही दोघी गाडीत. मी गाडी भिंतीच्या सावलीत घेतली आणि बंद केली नाही, एसीसाठी. बोलायला तोंड उघडलं तर आधी रडूच आलं. मला माझाच राग आला.

‘तू मला मॅडम म्हणालीस,’ मी म्हटलं.

‘आते म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, तू माझी माणूस आहेस,’ ती म्हणाली. ती इंग्रजीत बोलते, सावकाश, शब्द पुसून ठेवल्यासारखे. ‘माझ्या माणसानं येऊन माझ्या कानात काही सांगितलं, असं दिसलं असतं. मग लोलाच्या मतावर कुणीही बोट ठेवलं असतं.’

‘तिच्या मताचं मला काही सांगू नकोस! जोमारचं सांग. मी त्याची मावशी आहे. मला तू मॅडम म्हण, बाहेर काढ, चालेल. पण मला सांग, तुला काय वाटलं तिथं? काहीच वाटलं नाही?’

तिनं जॅकेटची घडी उलगडली, मांडीवर परत घातली. मला वाटलं आता ही उतरून बसस्टॉपवर जाईल आणि सोमवारी आम्ही शेजारी शेजारी बसून पेशंटांचे इन्शुरन्स क्लेम भरू, आणि संपलं, अठरा वर्षं अशीच संपतात. मला खूप भीती वाटली. जोमार गेला त्यानंतर मला तिच्याशिवाय दुसरं कुणी नाही ज्याच्याजवळ मी त्याचं नाव घेऊ शकते. तिलाही नाही.

‘तू बाहेर गेलीस,’ ती म्हणाली, ‘तेव्हा लोलानं विचारलं, का थांबलीस? मी म्हटलं, स्क्रीन अडकलीय. पहिल्यांदाच खोटं बोलले त्या खुर्चीत बसून. तिनं माझा हात चाचपून धरला. म्हणाली, किती गार पडलाय. बरं नाही का तुला? मी म्हटलं, एसी आहे. मग म्हणाली, मुलं किती? मी म्हटलं, एक. मुलगा. तिनं विचारलं, केवढा आहे?’

मारिविकनं समोरच्या काचेकडे बघितलं. बाहेर मुनिबाच्या घराचा माळी पाइप गुंडाळत होता.

‘काय सांगितलंस?’

‘बावीसचा. दुसरं काय सांगू? तो तेवढाच आहे.’

मी तिचा हात धरला. खरंच गार होता.

‘मग लोला म्हणाली, बावीस म्हणजे हिंडायचं वय. घरी थांबत नसेल. मी म्हटलं, नाही थांबत. म्हणाली, मग तर हे नाव अजिबात चुकवू नकोस, पोरी. ह्या माणसानं रस्ते नीट केले. हे मत मी तुझ्या मुलासाठी देते. त्याला घरी यायला कितीही उशीर झाला, तरी तू निवांत झोप.’

माझ्या तोंडून पुढचा प्रश्न निघू नये असं मला वाटत होतं आणि तो निघालाच.

‘मग?’

‘मग मी दाबलं,’ मारिविक म्हणाली. ‘आणि सगळी नावं तिला परत एकदा मोठ्यानं वाचून दाखवली. तसा नियम आहे.’